चार इंच तीन सूत

अंबरनाथच्या आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये परवापरवापर्यंत एक मोटार होती. 'मोटार होती' म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे ऐश्वर्य वगैरे उभे राहू नये म्हणून आधीच सांगतो, की ती १९५२ सालची प्लिमथ होती, १९७६ नंतर ती स्वतःच्या बळावर एक हातभरही हललेली नव्हती, आणि तिच्या मागच्या सीटवर मांजरांच्या निदान दहा पिढ्या जन्मल्या होत्या. २६ जुलै २००५ च्या पावसात तिची चाके बुडाली, तेव्हा आमची सौभाग्यवती म्हणाली, "गेली वाहून तर बरंच." पण ती गेली नाही. अमेरिकन लोखंड वजनाला भारी असते.

ही गाडी आमच्या नानांची. नाना डॉक्टर होते. अंबरनाथच्या पूर्वेला त्यांचा दवाखाना, आणि रोगी थेट बदलापूरपासून उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पापर्यंत पसरलेले. १९६१ साली दादरच्या एका पारशी गृहस्थांकडून त्यांनी ती सेकंडहँड घेतली. गृहस्थांनी ती ऑगस्ट १९५२ मध्ये नवी कोरी नोंदवलेली होती. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर प्लिमथ, डॉज आणि डिसोटो या तिघी बहिणी सर्रास दिसत. तिघी क्रायस्लर कंपनीच्या, आणि वालचंदांच्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना पेट्यांतून आलेल्या भागांची जोडणी करून त्या बाहेर काढी. पुढे यांतल्या कितीतरी टॅक्सीत गेल्या, आणि पेट्रोल महागले तशी त्यांच्या पोटात डिझेलची इंजिने बसली. वरून मेमसाहेब आणि आतून ट्रक! अशा दिवसांत मूळचे इंजिन अंगात असलेली गाडी म्हणजे अपूर्वाईच.

आणि आमच्या गाडीच्या अंगात मूळचे इंजिन नव्हते. निदान आमच्या घरात गेली पन्नास वर्षे तसे मानले जात होते. कुळाचार जसे मानले जातात तसे. का म्हणून कोणी विचारायचे नाही.

ते इंजिन कोणी पळवले हेही आम्हांला 'माहीत' होते. साईंनी.

साईंचे खरे नाव मी लिहीत नाही. आम्ही सारे त्यांना साईं म्हणत असू आणि ते नानांना डॉक्टरसाहेब म्हणत. फाळणीनंतर सक्करहून आलेला हा माणूस. युद्धकाळातल्या लष्करी कल्याण कॅम्पात निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कॅम्पातल्या एका बराकीच्या कडेला साईंनी गॅरेज टाकले होते. इंजिनाचे काम ते कराचीला शिकले होते. नाना त्यांच्या मुलांना तपासायचे पैसे घेत नसत आणि साईं नानांच्या गाडीच्या किरकोळ कामाचे घेत नसत. रविवारी दोघे आमच्या ओट्यावर बसत. नाना सिंधी पापड मोडत आणि साईं आमच्या आईच्या हातचा चिवडा खात. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती, म्हणूनच की काय, गप्पा फार रंगत.

मे १९७१ मध्ये गाडी धूर ओकू लागली. साईंनी इंजिन उतरवले, सिलिंडर बोअर करून आणले, मोठ्या मापाचे पिस्टन घातले आणि पंधरवड्याने गाडी परत दिली. बिल आठशे चाळीस. पाचशे आगाऊ दिलेले होते. आता नुकत्याच बोअर केलेल्या इंजिनाचे काही दिवस असे असते, की ते घट्ट चालते, तापते आणि त्याचा आवाज बदलतो. नानांच्या ओळखीचे एक गृहस्थ गाडीत बसले आणि बदलापूरच्या रस्त्यावर म्हणाले, "डॉक्टर, हा प्लिमथचा आवाज नाही. तुमचं इंजिन टॅक्सीवाल्याला विकलं आणि तुम्हांला डॉजच्या लष्करी ट्रकाचं घातलंय त्यानं." ते गृहस्थ स्वतः मोटार चालवीत नसत. अशा माणसांचे मत फार ठाम असते.

संध्याकाळी नानांनी बॉनेट उघडले. बॅटरी धरायला मी होतो. माझे वय बावीस, हातात यंत्रशास्त्राची ताजी पदविका. नानांनी आर. सी. बुक काढले. बुकात इंजिनाचा नंबर पी २३-७१८८४६. मी वाकून इंजिनावरचा नंबर वाचला: पी २३-७१३८४६. एक आकडा चुकत होता; बुकात आठ, लोखंडावर तीन. नानांचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझ्या पदवीला शोभेलसा आणखी एक शोध मी लावला. इंजिनाच्या कुशीला ओतीव अक्षरांत तारीख उठवलेली होती: ३-११-५२. मी मोठ्याने वाचली, "तीन नोव्हेंबर बावन्न." गाडी नोंदली ऑगस्ट बावन्नमध्ये. म्हणजे गाडी जन्मून तीन महिने झाल्यावर तिचे काळीज ओतले गेले! याहून आणखी पुरावा तो काय हवा?

दुसऱ्या दिवशी साईं उरलेले पैसे न्यायला आले. नानांनी त्यांना ओट्यावर बसू दिले नाही. साईं म्हणाले, "डॉक्टरसाहेब, इंजिन वही है. मेरे बच्चों की कसम." त्यावर नाना जे बोलले ते मी विसरू शकलेलो नाही. उल्हासनगरच्या मालाबद्दलचा तो विनोद सर्वांना ठाऊक आहे: मालावर 'मेड इन यू. एस. ए.' छापायचे आणि त्याचा अर्थ लावायचा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'. साईं स्वतः तो विनोद करून हसत. त्या दिवशी नाना म्हणाले, "मी यू. एस. ए. ची गाडी दिली होती, साईं. तुम्ही तुमच्या यू. एस. ए. ची परत दिलीत." साईं उभे राहिले, टोपी नीट केली आणि गेले. तीनशे चाळीस रुपये त्यांनी पुन्हा कधी मागितले नाहीत. आमच्या ओट्यावर ते पुन्हा आले नाहीत. नानांनी आणखी पाच वर्षे ती गाडी चालवली. पण घरच्या विश्वासघातक्याला सांभाळावे तशी. १९७६ मध्ये तिला शेडमध्ये ढकलले आणि कुलूप घातले. १९९४ मध्ये नाना गेले. साईं त्यांच्या आधी गेले होते. ते आम्हांला महिन्याभराने कळले.

गेल्या वर्षी पुण्याहून दादाचा फोन आला. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. म्हणाला, "आपण दोघेही आता काठावर. त्या गाडीचं काय ते करून टाक." मग मुंबईहून एक गृहस्थ आले. चाळिशीचे, जुन्या गाड्यांचे वेडे. चहाचा पहिला घोट घेताच त्यांनी तो प्रश्न विचारला, "काका, इंजिन मूळचंच आहे ना?"

मी खरे ते सांगितले; म्हणजे जे खरे मानत आलो ते. "नाही. बदललेलं आहे. त्या हिशेबानं काय ती किंमत करा."

त्यांनी मान हलवली. पण पिशवीतून चिंध्या, रॉकेलची बाटली, खडू, आरसा नि कागद-पेन्सिल काढून ते शेडमध्ये शिरले. मी आयुष्यभर एका कारखान्यात मोजमाप-तपासणीच्या खात्यात काढले. हजारो लोकांच्या चुका सूक्ष्ममापकाने पकडल्या. पण आमच्याच शेडमधले ते बॉनेट त्रेपन्न वर्षांत मी उघडलेले नव्हते.

जुन्या गाड्यांचे हे शास्त्र मोठे गमतीचे आहे. अमेरिकेत साठीच्या दशकात पोरांनी वेड घेतलेल्या त्या दांडग्या गाड्या निघाल्या. साध्या गाडीच्या अंगात राक्षसी इंजिन कोंबलेल्या. त्यांत प्लिमथही होती. १९७१ सालच्या, हेमी इंजिनाच्या आणि उघड्या टपाच्या तिच्या बाराकुडा जेमतेम दहा-बारा बनल्या. त्यांतल्या एकीला २०१४ मध्ये लिलावात पस्तीस लाख डॉलर मिळाले. इकडे त्याच १९७१ सालात आम्ही तीनशे चाळीस रुपयांवरून माणूस तोडत होतो. असो. त्या गाड्यांच्या इंजिनावर गाडीच्याच नंबराचा तुकडा ठोकलेला असतो. तो जुळला तर किंमत एक, न जुळला तर दुसरी. साहजिकच तिकडे जुना नंबर घासून नवा ठोकणारे कारागीरही निपजले. तेव्हा यू. एस. ए. कोणते खरे, हा प्रश्न तिकडेही आहेच.

पण १९५२ च्या प्लिमथमध्ये गाडीचा नंबर वेगळा आणि इंजिनाचा वेगळा. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. अमुक गाडीत अमुक इंजिन होते हे गाडी सांगत नाही, फक्त कागद सांगतो. म्हणून आधी इंजिनाला विचारायचे आणि मग कागदाला.

जनरेटरच्या वर, हेडच्या लगत खाली, ब्लॉकवर बोटभर लांबीची एक सपाट पट्टी असते. नंबर तिच्यावर ठोकलेला असतो. गृहस्थांनी ती रॉकेलने पुसली. "काका, इथं पॉलिशपेपर कधी लावायचा नाही, पुरावाच जातो," असे म्हणत वर खडू चोळला. पांढरे आकडे उठून आले: पी २३-७१३८४६. मग आरसा धरून त्यांनी आकड्यांकडे नव्हे तर आकड्यांमागच्या लोखंडाकडे पाहिले. कारखान्यातल्या यंत्राने पट्टी तासताना सोडलेल्या बारीक, सरळ, समांतर रेघा जागच्या जागी होत्या. नंबर घासून दुसरा ठोकला असता तर त्या रेघा गेल्या असत्या, पट्टी खोलगट झाली असती आणि आकडे दारू प्यायल्यासारखे उभे राहिले असते. पी २३ ही खूण १९५१-५२ च्या प्लिमथची. तेव्हा डॉजच्या ट्रकाचा प्रश्नच नाही, असे ते म्हणाले. मग बॅटरी कुशीकडे वळवून त्यांनी ओतीव तारीख वाचली आणि सहज म्हणाले, "अकरा मार्च बावन्न. ऑगस्टमध्ये मुंबईत नोंद. अगदी बरोबर बसतंय."

अकरा मार्च.

अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो आणि मग दिवस. हे ऐकून मी दचकलो असे लिहिले तर ते खोटे होईल. मला ते ठाऊक होते. १९८० च्या सुमारास कारखान्यात एक अमेरिकन यंत्र आले. त्याच्या कागदांवर '४-२५' अशी तारीख होती आणि पंचविसावा महिना कुठून आला म्हणून आम्ही सगळे हसलो होतो. हसता हसता माझ्या पोटात खड्डा पडला होता. त्या रात्री नानांना सांगावे असे फार वाटले. पण नंबरातला तो आठ-तीनचा घोळ होताच ना? तारीख माझी चुकली असेल. नंबर तर सरकारी बुकात आहे! एवढ्या आधारावर मी गप्प राहिलो. तेव्हा नाना होते आणि साईंही होते.

आता तो नंबरच उरला होता. पण त्याआधी मला, त्या गृहस्थांना नव्हे, ट्रकाची शंका मापाने फेडायची होती, खात्यातली सवय. हेडवर सहाव्या सिलिंडरच्या माथ्यावर एक बारीक बूच असते. ते काढून आत तार सोडली की ती पिस्टनवर टेकते. पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत किती चढतो हे तारेवर मोजता येते. प्लिमथचा आणि डॉजच्या लष्करी ट्रकाचा सिलिंडर रुंदीला सारखाच, सव्वातीन इंच. फरक फक्त चढण्यात: प्लिमथ चार इंच तीन सूत, ट्रक चार इंच पाच सूत. सारा कज्जा दोन सुतांचा! इंजिन गच्च धरलेले होते. आठ दिवस प्लगांच्या भोकांतून डिझेल आणि तेल पाजले. नवव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून नातू आणि शेजारची दोन पोरे यांनी तिला इंचाइंचाने ढकलले. मी सायकलच्या चाकाची तार धरून उभा. आत काहीतरी करकरले आणि तार वर येऊ लागली. थांबली तिथे मी खूण केली आणि मोजली. चार इंच तीन सूत. पुन्हा मोजली. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचा हात थरथरतोय, मी मोजू का?" त्यानेही मोजली. तेवढीच.

राहिला कागद. आमच्या गावच्या शिवमंदिराची एक गोष्ट मला आठवते. त्या देवळाच्या शिलालेखातला शक प्रथम ७८२ असा वाचला गेला, पुढे तो ९८२ असल्याचे ठरले. एका आकड्याने देवळाचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले, इसवी सन १०६० वर आले. देऊळ मात्र दोन्ही वेळा तेच होते. वालधुनीच्या काठी हजार वर्षे उभ्या असलेल्या दगडाची ही कथा, तर पावसात भिजलेल्या बुकाची काय?

कारण आमचे बुक भिजले होते. हे मला आठवले नाही, ताईला आठवले. मी तिला फोनवर सगळे सांगत होतो, तर ती म्हणाली, "अरे, पण ते बुक मूळचं कुठे होतं? सदुसष्टच्या पावसात छत गळलं आणि नानांचं टेबल भिजलं, तेव्हा दुसरं करून आणलं नव्हतं का त्यांनी?" म्हणजे शाई फुटलेल्या जुन्या बुकावरून कोणा कारकुनाने नवे बुक उतरवून काढले होते. इंग्रजी तीनचा आठ व्हायला शाईचा एक थेंब पुरतो. इंजिनाविषयी आम्ही एवढे शंकेखोर. पण बुकही 'डुप्लिकेट' असू शकते हे घरात कोणाच्या मनात आले नाही.

आईची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात लग्नपत्रिका, वाण्याच्या वह्या, आम्हां भावंडांची लसटोचणीची कागदे. तळाशी एका पिवळ्या पाकिटात १९६२ सालची मोटारीच्या विम्याची चिठ्ठी. टंकलिखित. पी २३-७१३८४६.

तीन.

मी माळ्याच्या शिडीवर तसाच बसून राहिलो. खालून सौभाग्यवतीने विचारले, "सापडलं का?" मी सापडले म्हणालो. तिने वर माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

गाडी त्या गृहस्थांनी घेतली. इंजिन मूळचे म्हणून दीड लाख रुपये जास्त दिले. दादा खूश झाला. ट्रकवर चढवताना तिच्या मागच्या सीटखालून एक मांजर निघाले, तेवढाच काय तो गोंधळ.

आणि मग मी उल्हासनगरला गेलो. गॅरेज केव्हाच गेलेले. त्या जागी आता साईंच्या धाकट्या मुलाचे फर्निचरचे दुकान आहे. तोही साठीच्या पुढचा. मी नाव सांगताच तो उठला आणि खुर्ची पुढे केली. "डॉक्टरसाहेबांचे बेटे? बैठो, बैठो." पापड आला, पाणी आले. त्याला विषमज्वर झाला तेव्हा नाना रात्री दोनदा आले होते, हे त्याने मला सांगितले. मी विम्याची चिठ्ठी, आर. सी. बुकाची नक्कल आणि खडूने उठवलेल्या नंबराचा कागद टेबलावर मांडला आणि सगळी कहाणी सांगितली. बॅटरी कोणी धरली होती आणि तारीख कोणी वाचली होती, तेही सांगितले.

तो बराच वेळ त्या तीन कागदांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आम्हांला यातलं काही माहीत नाही, काका. बाबा घरात कधी बोलले नाहीत. एवढंच आठवतं, की त्या साली त्यांनी बाहेरच्या गाड्यांची इंजिनं उतरवायचं बंद केलं. फक्त ब्रेक-क्लच करायचे. आई विचारायची, मोठं काम का घेत नाही? तर म्हणायचे, मन नाही लागत."

माझ्याजवळ एक पाकीट होते. त्यात तीनशे चाळीस रुपये होते. पन्नास वर्षांचे व्याज धरून मोठी रक्कम न्यावी असा विचार मी घरी केला होता. मग लाज वाटली. देणे होते तेवढेच नेले. तो नको म्हणेल, हात जोडेल, अशी माझी कल्पना. पण त्याने पाकीट घेतले, नोटा मोजल्या, खणातून बिलबुक काढले आणि कार्बन घातला. वर कपाट, पलंग आणि सोफासेटची चित्रे छापलेली होती. त्याखाली त्याने नानांचे नाव लिहिले आणि लिहिले: इंजिन बोअरिंग, मे १९७१, बाकी मिळाली.

"गाडी नंबर?" त्याने विचारले.

मी म्हटले, "गाडीचा राहू द्या. इंजिनाचा लिहा."

मी एकेक आकडा सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. तीनपाशी तो थांबला, वर पाहिले आणि तो आकडा पेनाने पुन्हा एकदा गिरवला.